आधी विचारलं का तिला?

कौतुक करायचं असलं की बाईला अन्नपूर्णा म्हणायचं, घरची लक्ष्मी म्हणायचं, आणि घर विकायची वेळ आली की सगळा व्यवहार ठरल्यावर तिच्यापुढं कागद सरकवायचा, "इथं सही कर." मैत्रिणींनो, हा अनुभव आपल्यापैकी कितीजणींना नवा आहे? जगभरच्या पर्यावरण परिषदांत सध्या आदिवासींबद्दल जे बोललं जातं, ते वाचताना मला सारखी ही सही आठवते.

२०२५च्या नोव्हेंबरात ब्राझीलमधल्या बेलेम शहरात हवामान परिषद भरली होती. ॲमेझॉनच्या जंगलाच्या तोंडाशी. तिथले आदिवासी जंगलाचे खरे रखवालदार आहेत असं प्रत्येक व्यासपीठावरून सांगितलं गेलं. आणि १४ नोव्हेंबरच्या सकाळी त्याच रखवालदारांपैकी मुंडुरुकू समाजाच्या बायाबापड्यांनी परिषदेचं मुख्य दार अडवलं. मागणी काय, तर आमच्या नदीबद्दल, आमच्या जमिनीबद्दल ठरवताना आमच्याशी बोला. रखवालदाराला दाराबाहेर उभं राहून हे सांगावं लागलं!

पैशांचंही तसंच आहे. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत काही श्रीमंत देशांनी आणि देणगीदार संस्थांनी जाहीर केलं, की जंगलाच्या हक्कांसाठी आदिवासी आणि स्थानिक समाजांना पाच वर्षांत १७० कोटी डॉलर देऊ. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. पुढं देणगीदारांनीच आपला हिशेब प्रसिद्ध केला, तेव्हा कळलं की पहिल्या वर्षी थेट आदिवासींच्या संस्थांच्या हाती गेले फक्त ७ टक्के, आणि त्याच्या पुढच्या वर्षी २.१ टक्के. बाकीचे मोठमोठ्या संस्था, सल्लागार, सरकारी खाती अशा वाटांनी गेले. वरून हंडाभर ओतायचं आणि खाली चूळ भरण्यापुरतं पोचायचं, तसं. हिशेब निदान उघड केला, एवढं श्रेय मात्र त्यांना द्यायला हवं. आपल्याकडे तेही कठीण.

आता तुम्ही म्हणाल, ब्राझील कुठं आणि आपलं पिंपरी-चिंचवड, आपलं चाकण कुठं! म्हणून थोडं जवळ येऊ. चाकणहून नाशिक रस्त्यानं राजगुरुनगरला जा, तिथून पश्चिमेला वळून चास, वाडा, डेहणे करत भोरगिरीच्या दिशेनं निघा. कंपन्यांची पत्र्याची छपरं, कंटेनरच्या रांगा मागं पडतात आणि तास-दीड तासात भाताची खाचरं सुरू होतात. वर भीमाशंकरचा डोंगर. हा सगळा महादेव कोळी, ठाकर, कातकरी लोकांचा मुलूख. १९८५ साली इथं अभयारण्य झालं, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं. शेकरू, म्हणजे आपल्या राज्याचा मानाचा प्राणी, त्याच्यासाठी ते ओळखलं जातं. शेकरूचा फोटो शाळेतल्या पोरांनाही ओळखता येतो. तिथल्या बाईचा फोटो कुणी पुस्तकात छापत नाही. पण तिथल्या देवराया अजून उभ्या आहेत त्या कुणी वनपाल नेमला म्हणून नव्हे. देवाच्या रानातली फांदी तोडायची नाही, हे तिच्या सासूनं तिला सांगितलं आणि तिनं सुनेला.

माझं माहेर राजगुरुनगरचं. उन्हाळ्यात पश्चिमेकडून बाया बाजाराला यायच्या. करवंदं, आंबे, जांभळं आणि पोत्यांतून वाळवलेला हिरडा. बाळहिरडा म्हणतात तो, औषधाला जातो. झाडावरून तोडायचा, अंगणात पसरायचा, पाऊस-वारा बघून गोळा करायचा, पुन्हा पसरायचा. भात घरच्या पोटाला होतो. रोख पैसा येतो तो हिरड्यातून. पोरीची वह्यापुस्तकं, सणाचं लुगडं, दवाखाना, सगळं त्या पोत्यावर. भाव मात्र ठरवणार व्यापारी.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं. आपल्याला आठवत असेल ते उडालेले पत्रे आणि गेलेली वीज. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात हिरड्याची झाडं मोडली, वाळत घातलेला माल भिजून गेला. कोकणातल्या नारळ-सुपारीची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण हिरडा कुणी लावलेला नसतो, तो रानातला. मग तो पीक म्हणायचा की जंगल? सातबारावर त्याची नोंद नाही, तर भरपाई कोणाला द्यायची? या प्रश्नापायी त्या लोकांना भरपाईसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले, उपोषणं करावी लागली. इकडं २०२२ साली इजिप्तमध्ये भरलेल्या परिषदेत साऱ्या देशांनी मिळून ठरवलं, की हवामान बदलामुळं ज्या गरीब देशांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी वेगळा निधी उभा करायचा. फार चांगलं झालं. पण मोडलेला हिरडा कोणत्या रकान्यात लिहायचा, हे ठरवायला त्या बाईला कुणी बोलावलं का? तिला रकाना नसला तर निधी कितीही मोठा असो, तिच्या अंगणापर्यंत तो यायचा कसा?

याच पट्ट्यातली आणखी एक गोष्ट. खेड आणि मावळ तालुक्यांच्या डोंगरमाथ्यावर, अभयारण्याला लागून, एका कंपनीनं पवनचक्क्या उभारल्या. त्यासाठी दोनशे हेक्टरच्या आसपास राखीव वनजमीन दिली गेली. वाऱ्यावर वीज! धूर नाही, राख नाही. जगात ज्याला हिरवा पैसा म्हणतात, तो असल्याच कामांसाठी असतो. प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीनं २०११च्या अहवालात या प्रकल्पाबद्दल लिहिलं आहे. उभ्या डोंगराला कापून वाईट रस्ते केले, राडारोडा खालच्या सुपीक शेतांत आणि धरणांच्या पाण्यात गेला. वर राहणाऱ्या लोकांचे वनहक्क मान्य केलेले नव्हते. आणि ज्या डोंगरावर लोक पिढ्यान्‌पिढ्या जात होते, तिथं जायला बंदी करणारे फलक आणि चौक्या उभ्या राहिल्या.

मी पवनचक्क्यांच्या विरोधात नाही, बरं का. माझ्या घरात मिक्सर आहे, इस्त्री आहे, आणि आमच्या पट्ट्यातल्या यंत्रांना वीज लागते तेव्हा कुठं हजारो घरांची चूल पेटते. कोळशापेक्षा वारा केव्हाही बरा. पण ज्याच्या डोंगरावरचा वारा, त्याला विचारायला काय हरकत होती? रस्ता कुठून न्यावा म्हणजे दरड येणार नाही, हे तिथल्या गुराख्यालाही माहीत असतं. विचारलं असतं तर रस्ता बरा झाला असता, एवढा साधा व्यवहार आहे हा. आणि अहवालाचं तरी काय झालं? ऑगस्ट २०११ मध्ये दिलेला अहवाल सरकारनं २०१२ च्या मेपर्यंत लोकांसमोर येऊ दिला नाही. तोही माहिती अधिकारात भांडून, दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत जाऊन मिळवावा लागला. इंग्रजीत. ज्यांच्याबद्दल लिहिला, त्यांच्या भाषेत नव्हे.

सगळंच काळं आहे असं नाही. आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण झालं, महादेव कोळ्यांची गावं, खाचरं पाण्याखाली गेली. तिथं कुसुमताई कर्णिक, आनंद कपूर आणि त्यांच्या 'शाश्वत' संस्थेनं या लोकांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. धरणाचं पाणी ओसरलं की उघडी पडणारी गाळपेर जमीन लोकांना कसायला मिळावी, जलाशयातली मासेमारी आदिवासींच्याच सहकारी संस्थेकडे यावी, यासाठी झगडा केला. आणि पडकई पुन्हा उभी केली. पडकई म्हणजे काय, हे शहरातल्या मुलींना सांगायला हवं. उन्हाळ्यात दहा-बारा घरं एकत्र येतात, उतारावर दगडांचे बांध घालून एकाचं भातखाचर तयार करतात, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. मजुरी नाही, वारा-फेरा. बायका दगड वाहतात, माती ओढतात, आणि कोणत्या बांधातून पाणी वाट काढेल ते त्यांना हाताला कळतं. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर पुरस्कार' या 'शाश्वत'ला मिळाला. त्या वर्षी रिओ दी जानेरोला पृथ्वीच्या भवितव्यावर परिषद होती, तिथं आंबेगावच्या पडकईची दखल घेतली गेली. आपल्या शेजारच्या तालुक्याची ही बातमी आपल्यापैकी कितीजणींनी वाचली असेल?

पण त्याच आंबेगावात ३० जुलै २०१४ ला माळीण झालं. डोंगर घसरला आणि १५१ माणसं गाडली गेली. एसटीचा चालक नेहमीच्या रस्त्यानं गेला, तर समोर गावच नव्हतं. कारणांवर पुढं बराच वाद झाला. अतिवृष्टी होती, डोंगराची जडणघडण होती. काहींनी सरकारी योजनेतून यंत्रं लावून केलेल्या पडकईकडे बोट दाखवलं. कोणाचं किती खरं याचा निवाडा मी करणार नाही. पण हातानं, सावकाश, दगड पारखून करायच्या कामाची 'योजना' झाली, तिला उद्दिष्ट आलं, मार्चअखेर आली, की ते काम पहिलं राहत नाही, एवढं आपल्याला घरातल्या अनुभवावरूनही कळतं. पापडाचं पीठ जात्यावर दळणारी आजी आणि पापडाचा कारखाना यात नुसता वेगाचा फरक नसतो. पैसा आला तरी काम कसं करायचं हे ठरवणारी तीच राहिली पाहिजे.

सरकारी पैसाही कमी नाही. धरण, खाण, रस्ता यांसाठी जंगल दिलं की घेणाऱ्याला त्याबदल्यात रक्कम भरावी लागते. तिला 'कॅम्पा'चा निधी म्हणतात, बदल्यात झाडं लावायची म्हणून. २०१६ साली यासाठी कायदा झाला आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं साठलेले ४७,४३६ कोटी रुपये राज्यांना दिले. त्यातले ३,८४४ कोटी आपल्या महाराष्ट्राच्या वाट्याला आले. कायदा होताना राज्यसभेत जयराम रमेश यांनी दुरुस्ती मांडली होती, की हा पैसा खर्च करताना ग्रामसभेची संमती घ्या. मंत्र्यांनी आश्वासन दिलं, त्यांनी दुरुस्ती मागं घेतली. नंतर २०१८ च्या नियमांत काय आलं? ग्रामसभेशी 'सल्लामसलत'. संमती आणि सल्लामसलत यातलं अंतर बायकांना कोणी समजावून सांगायला नको. "तुला विचारलं होतं की!" असं म्हणून जे केलं जातं, ती सल्लामसलत.

आता थेट आपल्या दारात येऊ. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. पर्यावरण हा त्यातला मान्य विषय. म्हणून पावसाळा लागला की आपल्या पट्ट्यातल्या बसगाड्या डोंगराकडे निघतात. सारख्या रंगाचे टी-शर्ट, टोपी, प्रत्येकाच्या हातात एक रोप, फोटो, गरम भजी, परत. आपलेच नवरे, आपल्याच मुली त्यात असतात, आणि त्यांच्या मनात खोट नसते. शनिवार मोडून जातात बिचारे! पण जिथं खड्डे घेतले ती बोडकी दिसणारी जागा म्हणजे गावची गुरचरण असते, कधी गवताचा डोंगर असतो, कधी हिरडा-करवंदाची जाळी आधी साफ करून खड्डे घेतलेले असतात. लावलेलं झाड गुरं खात नाहीत असं बघून निवडलेलं. म्हणजे बाईच्याही कामाचं नाही आणि शेळीच्याही नाही. मला पाच-सात वर्षांत भेटलेल्या एकाही बाईनं शोभेचं झाड मागितलेलं नाही. हिरडा, आवळा, जांभूळ, फणस, आंबा ही नावं मात्र त्या न विचारताही घेतात. आता तर ऑक्टोबर २०२३ पासून केंद्राची ग्रीन क्रेडिट योजना आली आहे. पडीक वनजमिनीवर झाडं लावा आणि श्रेय कमवा. हे श्रेय कागदावरची किंमत असलेली वस्तू होणार असेल, तर ती जमीन कोणाच्या पायाखालची, हा प्रश्न आणखीनच महागाचा होतो.

गंमत म्हणजे कायदा तिच्या बाजूनं आहे. २००६ चा वनहक्क कायदा सांगतो, की वैयक्तिक हक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघाला पाहिजे. गावाला सामूहिक जंगलावर हक्क मिळतो, ते राखायचा आणि वापरायचा अधिकार मिळतो, अभयारण्यातसुद्धा. २०१२ साली नियमांत दुरुस्ती झाली, त्याप्रमाणे या कामाच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत निदान एकतृतीयांश बायका हव्यात. बायका नाहीत तर कोरम नाही, ठराव नाही! गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली असा सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्या गावाची घोषणा. २०११ च्या एप्रिलमध्ये बांबू वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं आणि त्या गोंड गावानं स्वतःचा बांबू स्वतः विकला. तिथं पैसा आला तो कुणाच्या उपकारातून नाही. जंगल कोणाचं हे आधी ठरलं, म्हणून आला.

जगाच्या पातळीवरही थोडं पुढं पाऊल पडलंय. २००७ साली संयुक्त राष्ट्रांनी आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा केला, त्यात आधी माहिती आणि मग मोकळी संमती हे तत्त्व आहे. आपल्या देशानं बाजूनं मत दिलं. मात्र स्वातंत्र्यानंतर सगळे भारतीय इथले मूळचेच, अशी पुस्ती जोडली. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी हवामानावर सल्ला द्यायला जगातली सात तरुण मंडळी निवडली, त्यात ओडिशाच्या खडिया समाजाची अर्चना सोरेंग होती. २०२४ साली कोलंबियात जैवविविधतेच्या परिषदेनं आदिवासी आणि स्थानिक समाजांसाठी कायमची समिती नेमायचं ठरवलं. हे सगळं हवंच. फक्त भाषणातल्या आरत्या थोड्या कमी झाल्या तर बरं. जगातली ८० टक्के जैवविविधता आदिवासींच्या भूमीवर आहे, असं वर्षानुवर्षं ठोकून सांगितलं जायचं. २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत अभ्यासकांनीच दाखवून दिलं, की त्या आकड्याला आधार नाही. त्या अभ्यासकांत आदिवासी समाजाचेही लोक होते. खोट्या आकड्यानं खरं काम उगाच संशयात येतं, हे त्यांचं म्हणणं. मला पटलं. बाईला देवी म्हणून कुठं तिच्या नावावर घर झालंय?

आपल्या घरातलं कुणी कंपनीच्या या दोन टक्क्यांच्या समितीवर असेल, झाडं लावायला जात असेल, तर त्याला डबा देताना एवढं विचारा, की गावानं ठराव केलाय का, आणि त्या सभेत बायका किती होत्या. बचत गटातल्या मैत्रिणींना यात गंमत वाटेल, कारण आपलीही महिला ग्रामसभा कागदावर कशी होते हे त्यांना ठाऊक आहे.

गेल्या खेपेला भोरगिरीच्या बाजूला गेले होते, तेव्हा एका मावशींना मीही हेच विचारलं. दारात हिरडा पसरला होता, कोंबड्या हाकलत त्या बोलत होत्या.

"झाली म्हणं मिटिंग. पोरगं वही घेऊन आलं, अंगठा दिला."

"कशाची होती मावशी?"

"काय की. झाडांची म्हनलं."

"मग तुम्ही का नाही गेलात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, एक तारखेला दुपारी ठेवली. एक मेला. हिरड्याच्या दिसात बाईमाणूस दुपारचं घरी असतंय व्हय? डोंगराला असतंय. दिवस बुडाल्यावर ठेवा म्हणावं. समद्या येतो."